तळहातावरचा थेंब

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला फार काही करावं लागलं नाही. घरात माझ्या बायकोचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "शेवटी शेवटी बिचारीची जीभच गेली होती." सून म्हणते, शेजारच्या बायका म्हणतात, देवपूरचा मेहुणा म्हणतो. वर्षश्राद्धाच्या पंगतीत तर वाढणाऱ्या माणसानेही वरणाची बादली हातात धरून हेच सांगितलं, "अक्काच्या हाताला चव होती, पण शेवटी जिभेनेच दगा दिला." मी मान हलवली. मान हलवली की विषय पुढे सरकतो.

तिच्या जिभेने दगा दिला नाही. ती चांगली शाबूत होती. आपली जीभ मेली आहे असं तिला मी पटवलं, आणि ते काम मी एका कॉफीच्या दुकानात केलं. खरं तर सांगायचं ते एवढंच आहे. पण एवढ्यावरून कुणाला काही उमगणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

ती साक्रीकडची. माहेरी कोरडवाहू शेती, घरात माणसं भरपूर. लहानपणापासून मोठ्या पातेल्यांशी गाठ. लग्न होऊन धुळ्याला आली आणि नंतर माझ्या नोकरीमुळे आम्ही जळगावात स्थिरावलो, तरी ती बोलली शेवटपर्यंत अहिराणी. मीही खेड्यातलाच. पण सरकारी कार्यालयात चिकटल्यावर मी ती भाषा खुंटीला टांगली ती टांगलीच. ती अहिराणीत विचारायची, मी कार्यालयातल्या मराठीत उत्तर द्यायचो. चाळीसेक वर्षं आमचा संसार असा दोन भाषांत झाला.

तिची जीभ आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. उन्हाळ्यात काळा मसाला करायचा असला की बायका भाजलेले जिन्नस ताटात घेऊन आमच्याकडे यायच्या. कुणाच्या घरी बारसं असो, कुणाच्या दहाव्याचं जेवण असो, मीठ पडायच्या आधी हिला बोलावणं. ती चमच्याने कधी चाखायची नाही. पळीतला एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायची, तो चाटायची, मग टाळूला जीभ लावून दोनदा टक्‌ टक्‌ आवाज करायची आणि निकाल द्यायची. एकदा निकाल लागला की त्यावर अपील नसे. मी घरात किती वेळा म्हटलं असेल, जरा तिखट झालंय, की ती माझ्याकडे बघायचीही नाही. माझ्या मताला त्या घरात ताटाबाहेर किंमत होती, ताटात नव्हती.

महामार्गाला लागून एक नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या तळमजल्यावर ते कॉफीचं दुकान आलं. मोठ्या शहरांत त्या कंपनीची दुकानं गल्लोगल्ली आहेत म्हणे. जळगावला ते पहिलंच. पुण्याची नात सुट्टीत आली होती, ती आम्हा दोघांना घेऊन गेली. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत एसी. मी भिंतीवरची यादी वाचत उभा राहिलो. मला यादीतली कुठलीच कॉफी कळेना. नात म्हणाली, यादीत आहे तेच घ्यायचं असं नाही, आपल्याला हवं तसं सांगायचं. दूध कमी, फेस जास्त, हे घाला, ते नको, ते सगळं करून देतात.

मी म्हटलं, ते नियमात बसतं का? माझं आयुष्य या एका वाक्यावर गेलं आहे.

बायको मात्र एकदम ताठ बसली. ही बाई आयुष्यभर सगळ्यांना सांगत आली होती. शिंप्याला सांगायची, गिरणीवाल्याला सांगायची, भाजीवाल्याला पाल्याचा देठ कुठे तोडायचा ते सांगायची. आणि हे सगळे तिला टाळायचे. आता इथे एक मुलगी काळा एप्रन घालून काउंटरमागे उभी होती आणि हसून विचारत होती, तुम्हाला कशी हवी?

मुलगी असोद्याची होती, रोज बसने यायची. पेल्यावर लिहायला तिने नाव विचारलं तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या पिढीत बायकांची नावं अशी चारचौघांत पुकारली जात नसत. "अक्का लिख," ती म्हणाली. तेव्हापासून त्या दुकानातही ती अक्का झाली.

दोन-तीन फेऱ्यांत तिची कॉफी ठरली. कॉफी कडक. दूध वाफाळतं, जीभ पोळेल इतकं. त्यात कॅरॅमल, पण अर्धंच. वर दालचिनीची पूड. आणि सँडविचबरोबर देतात त्या पुडीतलं चिमूटभर मीठ. मीठ ऐकून असोद्याची मुलगी थबकली होती. बायको म्हणाली, गोडाला मीठ लागतं गं, त्याशिवाय गोड नुसतं पसरतं. मुलीने करून दिली. बायकोने पेल्याचं झाकण काढलं, त्याला लागलेला थेंब तळहातावर टिपला, चाटला आणि टक्‌ टक्‌ केलं. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं वळून पाहायला लागली. मी रस्त्याकडे बघत बसलो.

"आठे सांगेल ऐकतस," ती मला म्हणाली. इथे सांगितलेलं ऐकतात. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी तिच्या सोन्याच्या पाटल्या झाल्या त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

मग शनिवारचा बाजार झाला की भाजीची पिशवी घेऊन आम्ही तिथे जायचो. पिशवी खुर्चीखाली, मेथीचा वास वर येतोय, आणि ही पेला दोन्ही हातांत धरून बसलेली. त्या मुलीशी तिची गट्टी जमली. मुलगी आपल्या गावच्या वांग्यांचं कौतुक करायची. असोद्याचं भरताचं वांगं म्हणजे वांगं. ही म्हणायची, "वांगं तुम्हनं, हात आम्हना." मुलगी म्हणायची, या मग हिवाळ्यात आमच्या शेतात, दाखवा हात. ते ठरूनच गेलं.

त्यानंतर तिच्या तपासणीचे आकडे बिघडले. साखर होतीच आधीपासून, आता मूत्रपिंडावर आली. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. घरी येऊन तिने भात सोडला, गूळ सोडला, पुरणाचे मांडे तिच्या जिवाचे, तेही सोडले. मग म्हणाली, "बठ्ठं सोडसू. हाई कॉफी नही सोडसू." सगळं सोडीन, ही कॉफी नाही सोडणार. तिने माझ्याकडे परवानगी मागितली नव्हती. नुसतं कानावर घातलं होतं.

पुढच्या आठवड्यात अहवाल आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टरांना कॉफीचं सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात. ते हसले. म्हणाले, बाकी सगळं पाळतात ना? मग आठवड्यातून एकदा अर्धा कप प्यायल्या तर आभाळ कोसळणार नाही. माणसाला एक काहीतरी राहू द्यावं.

हे मी तिला सांगितलं नाही. त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही नाही. आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही.

का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. भीती होती, हे खरं. तिच्या पायावर सूज दिसली की मी बोटाने दाबून खड्डा पडतो का बघायचो. पण नुसती भीती असती तर मी तिच्याशी भांडलो असतो. मला तिचं ते तळहात चाटणं चारचौघांत नकोसं वाटायचं. रांगेतली माणसं मागे खोळंबून उभी आणि ही मिठाचं समजावतेय, याची मला लाज वाटायची. आणि आणखी एक आहे. जन्मभर मी तिच्या जिभेच्या हाताखाली काम केलं होतं. तिला न कळेल असं एक काही मला माहीत असावं, असं कुठेतरी वाटत होतं.

त्या शनिवारी मी तिला म्हटलं, तू बस, मी सांगून येतो. तिला बरं वाटलं. मी कधी सांगायला जात नसे. काउंटरवर जाऊन मी त्या मुलीला हळूच म्हणालो की अक्काची साखर फार वाढली आहे. कॅरॅमल घालायचं नाही. कॉफी निम्मी, दूध पातळ, त्यात शुगर फ्रीची अर्धी पुडी. मीठ नको, दालचिनी वरून तशीच दिसू दे. आणि तिने विचारलं तर नेहमीचीच आहे म्हणायचं.

यादीबाहेरचं काही मागण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

मुलगी म्हणाली, "आबा, अक्कांना कळेल." मी म्हटलं, तिच्या भल्याचं आहे. ती स्क्रीनवर बोटं फिरवत राहिली. मग तिने पेल्यावर रोजच्यासारखं अक्का असं लिहिलं.

बायकोने थेंब टिपला. चाटला. टक्‌ टक्‌ केलं नाही. पुन्हा एक थेंब घेतला. मग पेला खाली ठेवून म्हणाली, ही ती नाही.

माझ्यासमोर रस्ता खुला होता. तिने दार उघडून दिलं होतं, मी फक्त बाहेर पडायचं होतं. मी म्हटलं, तीच आहे, मी समोर उभं राहून करून घेतली.

तिने मुलीला हाक मारली. "पोरी, तीच शे ना?"

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं. "हो अक्का, तीच आहे."

दोन माणसांनी सांगितल्यावर तिने तिसऱ्यांदा चाखलं नाही. पेला हळूहळू पीत राहिली. रिक्षातून घरी येताना बाहेर बघत म्हणाली, औषधांनी तोंड खराब झालं असेल. मी म्हटलं, होतं असं. गोळ्यांनी होतं.

मला वाटलं होतं, बेचव लागली की ती आपोआप जायचं सोडेल. तसं झालं असतं तर हे सगळं तिथेच मिटलं असतं. पण ती जात राहिली. आधी आवडीने जायची, आता तपासायला जायला लागली. दर शनिवारी पेला उघडायची, थेंब घ्यायची आणि वाट बघायची. गेलेलं माणूस परत आलं का हे बघायला दाराशी जावं, तसं. आणि मी दर शनिवारी आधी काउंटरवर जाऊन ते माणूस येणार नाही याची तजवीज करून यायचो.

घरात त्याचे पडसाद आधी माझ्या लक्षात आले नाहीत. एके दिवशी तिने आमटीची वाटी माझ्यासमोर धरली. "मीठ बराबर शे का?" जन्मात तिने मला हे विचारलं नव्हतं. मी चाखून हो म्हटलं. त्यानंतर ती रोज विचारू लागली. कधी सुनेला, कधी मला. सुनेला सुरुवातीला गंमत वाटली, सासूबाई मला मीठ विचारतात म्हणून तिने मैत्रिणीला फोनवर हसत सांगितलंही. मग तिलाही ते चमत्कारिक वाटायला लागलं. स्वयंपाकघरातला तो टक्‌ टक्‌ आवाज थांबला. तो आवाज चालू असताना मी कधी ऐकला नव्हता. थांबल्यावर ऐकू यायला लागला.

अन्नाला पहिल्यासारखीच चव होती, हे मला माहीत होतं. तिला ती लागतही असणार. पण एकदा तराजूच खोटा ठरला की त्यात तोललेल्या कशावर कोण विश्वास ठेवतो? आमटी खारट लागली तर ती म्हणायची, माझ्या जिभेला खारट लागतंय, म्हणजे बरोबर असेल.

हिवाळा लागला. असोद्याच्या मुलीने आठवण ठेवून बोलावलं. मी जायचं टाळत होतो, पण बायको हो म्हणून बसली होती. मुलीचा भाऊ मोटरसायकलवर आला होता, त्याच्यामागून आमची रिक्षा. केळीच्या बागेपलीकडे मोकळ्या जागेत कापसाच्या वाळक्या काड्या पेटवल्या होत्या. त्यांच्या धगीत वांगी काळी पडत होती. सोललेली वांगी बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, ठेचायचं काम दोन पुरुष करत होते. मुलीची आई, चुलत्या, आज्या, सगळ्या जमल्या होत्या. मुलीने घरी सांगून ठेवलं असणार, कारण सगळ्या आमचीच वाट बघत होत्या. एक आजीबाई म्हणाल्या, या, कॉफीत मीठ घालणाऱ्या साक्रीवाल्या येणार म्हणून आम्ही मिठाचा डबा लपवून ठेवलाय. हशा झाला. बायकोही हसली.

भरीत मिसळून झालं. मुलीच्या आईने पळीवर थोडं घेऊन पुढे केलं. "घ्या अक्का, बघा. तुमच्या हातात निकाल."

सगळ्या बायका बघत होत्या. बायकोने डावा हात पुढे केला. भरीत तळहातावर पडलं, वाफ निघत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात तसाच त्या आजीबाईंसमोर नेला. "तुम्ही सांगा. माले काही चव लागत नही. मनी जीभ मरी गयी."

कुणी हसलं नाही. आजीबाईंनी तिच्या तळहातावरचं भरीत आपल्या बोटाने उचललं, चाखलं आणि छान आहे म्हणाल्या. मुलीच्या आईने हिच्या पाठीवर हात ठेवला. होतं गं बाई, वयाने होतं. मग पुऱ्या तळायला घेतल्या आणि सगळे बोलायला लागले, जरा जास्तच मोठ्याने.

मुलगी केळीच्या कडेला उभी होती. मी पाणी प्यायला माठाकडे गेलो तशी ती आली. तिचे डोळे धुराने लाल होते का कशाने, मी विचारलं नाही.

"आबा, आज सांगा त्यांना," ती म्हणाली.

मी म्हटलं, सांगतो.

"नाहीतर मी सांगते."

"नको. मी सांगतो म्हटलं ना."

परत येताना रिक्षात मी दोनदा घसा खाकरला. तिने शाल डोक्यावरून घेतली होती. दुसऱ्यांदा खाकरलो तेव्हा तिने विचारलं, थंडी वाजतेय का तुम्हाला? आणि शालीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं. मी हो म्हटलं आणि ते टोक गुडघ्यांखाली खोचून घेतलं.

पुढच्या शनिवारी मुलीने माझी ऑर्डर ऐकून घेतली. कॉफी केली, पण नेहमीसारखी टेबलावर आणून दिली नाही. काउंटरवर ठेवली आणि पाठ फिरवून यंत्र पुसत बसली. बायकोने दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू आलं नाही. नंतर कळलं की तिने ते काम सोडलं, नाशिकला कुठेतरी लागली. बायको म्हणाली, पोरीने निरोपही घेतला नाही. तिला ते लागलं. ते दुःखही मीच दिलेलं होतं, फक्त त्यावर त्या मुलीचं नाव पडलं.

त्या उन्हाळ्यात तिने काळा मसाला केला नाही. ताटं घेऊन आलेल्या बायकांना तिने दारातूनच सांगितलं, दुसऱ्या कुणाला विचारा. बायका परत गेल्या. गल्लीत बातमी पसरायला तेवढं पुरलं. आता सगळे जे वाक्य म्हणतात ना, ते त्या दिवसापासूनचं आहे.

मग खरंच तब्येत ढासळली. धुळ्याला तिच्या भावाच्या ओळखीचे डॉक्टर होते, म्हणून तिकडे नेलं. दवाखान्यातून सोडल्यावर ती तिथेच, धुळ्यातल्या देवपूरला, भावाकडे राहिली. रोज तपासणीला नेणं सोपं पडत होतं. मी कपडे आणि काही कागद आणायला जळगावला आलो. काम झालं, तरी माझे पाय महामार्गाकडे वळले.

काउंटरवर नवा मुलगा होता. मी त्याला सगळं सांगितलं. कॉफी कडक, दूध पोळेल इतकं, कॅरॅमल अर्धं, दालचिनी, चिमूटभर मीठ. त्याने विचारलं, मीठ? मी म्हटलं, गोडाला मीठ लागतं, नाहीतर गोड नुसतं पसरतं. बोलताना आवाज माझा होता, शब्द तिचे. घरून थर्मास नेला होता, त्यात ओतून घेतली आणि धुळ्याची बस पकडली.

थर्मास दोन्ही गुडघ्यांत धरून बसलो होतो. काय म्हणायचं ते ठरवत होतो. एरंडोल मागे पडेपर्यंत मी ते मराठीत जुळवत होतो आणि ते एखाद्या खुलाशासारखं वाटत होतं. तुला कळवण्यात येते की, एवढंच काय ते बाकी होतं. पारोळ्याच्या आसपास माझ्या लक्षात आलं की हे तिच्याच बोलीत म्हणावं लागेल. मी मनातल्या मनात अहिराणी जुळवायला लागलो. इतक्या वर्षांनी शब्द सापडत होते, पण तोंडात बसत नव्हते. शेजारचा माणूस माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघून जरा सरकून बसला.

देवपूरला पोचलो तेव्हा ती खिडकीशी पलंगावर होती. अंगाने अर्धी झालेली. मी थर्मास उघडला. दालचिनीचा आणि कॅरॅमलचा वास खोलीभर झाला. ती कॉफी फेस मोडून नुसती तपकिरी झाली होती, पण होती तीच. पूर्ण, खरी. झाकणातला थेंब मी तिच्या डाव्या तळहातावर ठेवला.

ती थेंबाकडे बघत राहिली. हात तोंडाकडे गेला नाही. तिने मान वर करून मला विचारलं, "गोड शे का?"

आमटीचं मीठ विचारायची तसंच विचारलं. तितकंच साधं.

मी म्हटलं, "शे."

"मंग व्हयनं," ती म्हणाली आणि तिने मूठ मिटली. मग झालं तर.

मी पलंगाच्या कडेला बसलो. सगळे शब्द जुळवलेले होते. तोंड उघडलं, तेवढ्यात मेहुण्याची बायको औषध घेऊन आत आली. किती छान वास येतोय भाऊ, म्हणाली. नणंदेला आता त्याचं काय, त्यांची जीभ गेलीय ना, असंही बोलून गेली. बायकोने डोळे मिटले. मी मान हलवली.

मी तिला उठवून सांगू शकलो असतो. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा दवाखान्यात हलवलं, आणि तिथून ती बोलण्याच्या अवस्थेत परत आलीच नाही. तिची मूठ उघडून पुसली ती मेहुण्याच्या बायकोने. थेंब केव्हाच सुकला होता. तळहात नुसता चिकट होता, असं ती म्हणाली.

अजूनही मी शनिवारी जातो. बाजार करतो, मेथी घेतो, ती पिशवी खुर्चीखाली ठेवतो. तिची कॉफी जशीच्या तशी सांगतो. नाव विचारतात तेव्हा अक्का सांगतो. नवी पोरं आहेत, त्यांना वाटतं म्हाताऱ्याच्या बरोबर कोणी आहे. पेला तयार झाला की ती जोरात पुकारतात, अक्का. सगळ्या दुकानात ते नाव घुमतं. मी लगेच उठत नाही. दरवेळी क्षणभर थांबतो, कुणी उठतं का बघतो. मग जाऊन आणतो आणि समोरच्या खुर्चीपुढे ठेवतो. मी ती पीत नाही. वाफ संपेपर्यंत बसतो. कधी कधी मागच्या टेबलावरून कुणीतरी जीभ टाळूला लावल्यासारखा आवाज येतो. मी वळत नाही.

घरातही येतो. पहाटे सून ओट्याशी असते, कुकर लागलेला असतो, त्यातूनही टक्‌ टक्‌ असं दोनदा स्पष्ट येतं. सुनेला विचारलं तर ती म्हणते, नळ गळतोय. प्लंबर येऊन गेला. नळ गळत नाही.

तिने मूठ का मिटली, याचा विचार मी रोज करतो. वासावरून तिला सगळं कळलं असेल का? ही खरी, म्हणजे मधल्या सगळ्या खोट्या, एवढा हिशेब त्या बाईला एका श्वासात करता आला असता. मग तिने मला वाचवलं म्हणायचं. की तिला खरंच वाटत होतं की चाखून आता काही उपयोग नाही, आणि ती माझ्या शब्दावर विसंबली? यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, हेही मला ठरवता येत नाही. दोन्हीत मी सुटत नाही.

सुनेने, मेहुण्याने, गल्लीतल्या ज्या बायका ताटं घेऊन परत गेल्या त्यांनी आणि असोद्याच्या त्या आजीबाई असतील तर त्यांनी, हे वाचावं. ते वाक्य यापुढे कुणी म्हणू नये. आणि त्या मुलीपर्यंत हे पोचलं तर तिला एवढंच, की तू सांगितलं होतंस ते मी केलं नाही.

बसमध्ये जुळवलेलं मात्र अजून तसंच आहे. पारोळ्यापासून देवपूरपर्यंत जे घोकलं, ते इथे उतरवतो. तिच्या बोलीत आहे, चुका असतील. ती असती तर सुधारलं असतं.

तुनी जीभ मरेल नव्हती. ती बराबर सांगी राहिंती. मीच गोड काढाले सांगेल व्हतं, आनी तुले खोटं पाडं. मनी चूक व्हयनी. माले माफ कर.